उशीमागचा डाग

नवं हॉस्पिटल ताब्यात देण्याआधी मी प्रत्येक खोलीतल्या खाटेवर एकदा आडवी होते. लोक हसतात, हसू देत. पेशंटला छत कसं दिसणार, ते आर्किटेक्टने आधी पाहायला नको?

कोपऱ्यातल्या खोलीत उशीमागच्या भिंतीवर डाग होता. रोज डोकं टेकून पडतो तसा, तेलकट, पिवळट. गादीवरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून निघालेलं नव्हतं.

"मॅडम, रंगाचे तीन हात मारले," रंगारी वैतागून म्हणाला. "सकाळी बघावं तर हा पुन्हा हजर!"

तरी मी आडवी झाले. गादी कोमट लागली. उठताना हात डागावर टेकला आणि चिकटला. सोडवला तर बोटाला एक पांढरा केस.

घरी येऊन कोपरापर्यंत साबण चोळला, पण वास जाईना. वास ओळखीचा होता. बाबांच्या खोलीचा.

बाबा वर्षभर अंथरुणाला खिळलेत. त्यांच्या उशीमागेही असाच डाग आहे. त्याची मला इतकी किळस येते की हल्ली मी दारातूनच विचारपूस करते.

आज आत गेले. भिंत लख्ख होती.

"बाबा, भिंत कुणी पुसली?"

"कुणी नाही गं." ते छताकडे बघत हसले. "तिथली खोली छान केलीस हो. दिवा डोळ्यांवर येत नाही."

"कुठली खोली?"

"फक्त आडवं होताना जरा बघत जा, बाळा. आज थेट माझ्या अंगावरच झोपलीस."