लगेच आणून देतो

"अगं, ती शिडी आमची आहे," शिंपीणकाकू दारातूनच म्हणाल्या.

धाकटीने हातातलं फडकं खाली ठेवलं. सकाळपासून हेच चाललं होतं. शेजारचे मास्तर येऊन टेबलफॅन घेऊन गेले. बेकरीवाल्याने कोपऱ्यातला तराजू लांबूनच ओळखला आणि हरवलेलं पोर सापडावं तसा उचलून छातीशी धरला.

"न्या की काकू. पण बाबांनी ती नेली कधी?"

"माझ्या लेकीच्या लग्नाला घर रंगवायला काढलं होतं ना, तेव्हा. आता नातीचं लग्न आलंय." काकूंनी शिडीवर पाय देऊन पाहिला. "बघ, वरची पायरी मोडली होती. कधी बसवली यांनी, देव जाणे."

सगळी गल्ली बाबांना लगेचकाका म्हणायची. कुणाच्याही दारात उभं राहायचं आणि म्हणायचं, "जरा दे रे, लगेच आणून देतो." ते लगेच काही केल्या उजाडायचं नाही. बाबांच्या मनात खोट नव्हती. मोडकी वस्तू दिसली की त्यांना चैन पडायचं नाही आणि ती ठणठणीत झाली की ती दुसऱ्याची आहे हेच डोक्यातून जायचं. परत मागायला कुणी आलंच, तर चहा व्हायचा, गप्पा रंगायच्या आणि आलेला माणूस हात हलवत घरी जायचा. आपण कशाला गेलो होतो हे त्याला जिना उतरल्यावर आठवायचं.

बाबांना जाऊन महिना झाला होता. घर भाड्याचं, उद्या किल्ली मालकाला द्यायची होती. कपडे वाटून झाले होते. आईची भांडी आणि भिंतीवरचं घड्याळ थोरलीने नेलं. धाकटीने मागितली होती फक्त ही मागची खोली, जिथे बाबा दिवसदिवस खुडबुड करत बसायचे. तिला त्यांच्या हातातली एक वस्तू हवी होती. मोठी नको, महागाची तर नकोच. फक्त बाबांची हवी. आणि इथे एकेक वस्तू उठून आपापल्या घरी चालली होती.

एका स्टुलात मात्र तिचा जीव अडकला होता. तिला आठवत होतं तेव्हापासून बाबा त्याच्यावरच बसायचे. ती त्याच्यावर टेकली तोच सलूनवाले दादा आत आले आणि अवघडून उभे राहिले.

"आता हेही तुमचं म्हणू नका हं, दादा."

"दुकान उघडलं तेव्हा घेतलं होतं," ते हळूच म्हणाले. "पण राहू दे गं तुला. मी काय, माझी गिऱ्हाइकं उभी राहतील."

तिला हसू फुटलं आणि डोळेही भरून आले. तिने उठून स्टूल त्यांच्या हातात दिलं. "नाही दादा. बाबांनी जन्मात कुणाचं परत केलं नाही. निदान मी तरी करते."

दुपार उलटेपर्यंत खोली रिकामी झाली. धाकटी केर काढायला लागली, तर दाराआड केरसुणीला काहीतरी जड लागलं. हातोडी होती. दांडा नवा, हाताने तासलेला, आणि जिथे मूठ बसते तिथे वापरून काळपट गुळगुळीत झालेला. तिने तिथे मूठ धरली. बरोब्बर बसली.

ती पिशवीत टाकून सरळ घरी जाता आलं असतं. पण दादांना एवढं तोऱ्यात सांगून बसली होती ना! मग हातोडी घेऊन ती दारोदार निघाली. प्रत्येक दारात ती हातोडी पुढे करायची, पण मूठ सोडायची नाही.

"नाही बाई, आमची नाही," काकू म्हणाल्या.

मास्तरांनी चष्मा पुसून पाहिली. नाही. बेकरीवाला नाही म्हणाला, सलूनवाले दादा नाही म्हणाले, कोपऱ्यावरचा सायकलवालासुद्धा नाही म्हणाला. त्याला तर ती आनंदाच्या भरात "थँक्यू" म्हणून आली. तो बघतच राहिला.

बसमध्ये ती हातोडी मांडीवर घेऊन बसली. शेजारची बाई थोडी सरकून बसली, पण धाकटीचं लक्षच नव्हतं. बाबांची एक तरी वस्तू मिळाली होती.

दार नवऱ्याने उघडलं. तिने काही सांगायच्या आत त्याने हातोडी तिच्या हातून घेतली, उलटसुलट केली आणि ओरडला, "अगं, ही तर आपली!"

"काहीतरीच काय!"

"ही डोक्यावरची चीर बघ. गॅलरीच्या कठड्यावर आपटून मीच पाडलेली. दांडा सारखा निसटायचा, आठवतंय? आणि तू म्हणालीस, मी हरवली. इतकी वर्षं ऐकतोय मी!"

धाकटी मटकन खुर्चीत बसली. आता तिला स्वच्छ आठवलं. याच दारात बाबा उभे होते. "जरा दे गं, लगेच आणून देतो." तिनेच काढून दिली होती, आणि पुढे सगळं घर पालथं घालून खापर फोडलं होतं नवऱ्यावर. ती जी हसायला लागली, ते हसू थांबेचना. हसता हसता रडलीही थोडी.

नवरा जिंकल्याच्या थाटात हातोडी आपल्या अवजारांच्या डब्यात ठेवायला निघाला. तिने ती त्याच्या हातून काढून घेतली.

"ही बाबांची आहे," ती म्हणाली. "आपण फक्त मागून आणलीय."

त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि मग त्यालाही हसू आलं. "बरं. मग परत कधी करायची?"

"लगेच," धाकटी म्हणाली, आणि हातोडी कपाटात ठेवून तिने कुलूप लावलं.