चुकलेले फोटो

"ही माझी धाकटी बहीण," आई सोफ्यावरून पुढे वाकून म्हणाली. "लग्नात हिच्या चपला हरवल्या, म्हणून माझ्या घालून मिरवतेय बघ."

मुलाने फोटो मोठा केला. भिंतीवरचा नवा टीव्ही चांगला दाराएवढा होता. आईला नीट दिसावं म्हणून त्यानेच तो आणून लावला होता.

"आई, ही मावशी नाही. बाबांच्या ऑफिसातल्या बाई या."

"काहीतरीच काय. माझी बहीण मला कळत नाही होय?"

"राहू दे. होतं असं." त्याने फोटो 'चुकलेले' या फोल्डरमध्ये टाकला. सुनेने सासूच्या खांद्यावरची शाल नीट केली.

बाबा गेल्यापासून आई एकटीच राहायची. स्वयंपाक, बाजार, बिलं, सगळं स्वतः बघायची. या घरातून मी हलणार नाही, असं तिने दोघांना ठणकावून सांगितलं होतं. अलीकडे मुलगा दर रविवारी लॅपटॉप घेऊन यायचा. जुने फोटो लावून होतील, तुझ्या डोक्यालाही चालना मिळेल, म्हणायचा. तो कधी चिडला नाही. चुकलं की हळूच सांगायचा.

तिने सासरे म्हणून दाखवलेले गृहस्थ जुने घरमालक निघाले. नणंद म्हणून दाखवलेली बाई नर्स निघाली.

आईचं बोलणं कमी झालं. दूध उतरवलं की नाही हे बघायला ती पुन्हा पुन्हा उठायची. पुढे पुढे तर फोटो आला की ती आधी मुलाच्या तोंडाकडे बघायची.

एका रविवारी पडद्यावर गॅलरीत दाढी करणारा माणूस आला.

"हे..." ती थांबली. "तूच सांग, बाळा."

"बाबा आहेत, आई."

तिने दोन्ही हात तोंडावर धरले. मग ती उठली आणि किल्ल्यांचा जुडगा आणून त्याच्या हातात दिला.

"उद्या गॅस चालू ठेवून झोपेन मी. तुम्ही म्हणत होता त्या वृद्धाश्रमात मला सोड. तुम्हाला तरी घोर नको."

तिला सोडून दोघं तिच्याच घरी परतले. सुनेने टीव्ही लावला. पडदा 'चुकलेले'मधल्या चेहऱ्यांनी भरून गेला.

"हे सगळे पुसून टाकू?"

"वेडी का काय," तो चहाचा घोट घेत म्हणाला. "मावशीला मावशीत टाक, आजोबांना आजोबांत. आई सांगत होती तसंच लाव. तिचा एकही चुकला नव्हता."