स्टेशन नसलेलं वळण

"आता वाफेचं निमित्त चालणार नाही, ड्रायव्हर तायडे," नव्या डिझेल इंजिनात माझ्या शेजारी उभे राहून साहेब हसले. "मधे गाडी थांबली, तर चार्जशीट देईन."

बावीस वर्षं मी या नॅरोगेजवर कोळशाचं इंजिन चालवलं. बाभळीच्या वळणावर स्टेशन नव्हतं, पण भाजीच्या पाट्या घेऊन बाया उभ्या असायच्या. मी रोज थांबायचो आणि वहीत कारण लिहायचो, 'वाफ कमी पडली'. साहेबांना संशय होता, पण म्हाताऱ्या इंजिनाला खोटं कोण पाडणार?

वळण आलं. बायांतल्या मैनाबाईनं बिनधुराचं इंजिन पाहिलं, काय ते समजली आणि पाटी डोक्यावर घेऊन चालू लागली. बाजार सहा मैल लांब होता.

मी ब्रेक लावला. "मावशी, चाल्ल्या कुठी? चढा!"

पाट्यांसकट सगळ्या बाया चढल्या. साहेबांनी वही माझ्यापुढं आदळली. "लिहा आता कारण!"

मी लिहिलं, 'वाफ कमी पडली'. खाली सही केली. मग पान उलटलं, उद्याची तारीख टाकली आणि तिथंही तेच लिहिलं.