वेगळं कार्ड

"काका, तुमचा हप्ता बदललाय," खिडकीतली सुचिता म्हणाली आणि तिनं काचेआडून आकडा सांगितला.

दिनानाथच्या हातातल्या नोटा हातातच राहिल्या. सगुणाला वाटलं, पोरीनं भलत्याच कुणाचं नाव उघडलंय. निवृत्तांच्या सरकारी आरोग्य विम्याचा हप्ता भरायला ती दोघं अलिबागच्या या कचेरीत दर महिन्याला येत, पैसे भरत आणि बाहेर पडून चहा घेत. आज सांगितला तो आकडा म्हणजे दिनानाथची अर्धी पेन्शन होती.

"परत बघ गो बाय," सगुणा म्हणाली. "दिनानाथ हिराजी. नागाव."

"तेच बघतेय, काकू. मागं काकांच्या नावावर मोठी रक्कम आली होती ना? उत्पन्न वाढलं की हप्ता वाढतो. तुम्ही आता सगळ्यात वरच्या गटात गेलात."

"ती वाडी विकली व्हती," दिनानाथ म्हणाला. "बापाची. सात-बाऱ्यावर थोरला म्हणून माजं नाव. दोन भाऊ, एक बहीन, सगल्यांला वाटून दिले. माज्याकडं काय ऱ्हायलं?"

"खरं आहे, काका. पण खात्यावर तुमच्याच आले. गेल्या तीन वर्षांतलं सगळ्यात जास्त उत्पन्न धरतात. पुढची दोन वर्षं तरी हाच हप्ता."

"आनि न्हाय भरला तर?"

सुचितानं सगुणाकडे पाहिलं. सगुणाच्या डाव्या हातावर कापसाची पट्टी होती. कालच तिचं रक्त मशीनवर धुऊन झालं होतं. उद्या पुन्हा जायचं होतं.

"मग दोघांचं विम्याचं कार्ड बंद होतं," सुचिता हळू आवाजात म्हणाली. "आणि एकदा बंद झालं, की चालू आजारासाठी पुन्हा मिळत नाही."

दिनानाथनं उभी हयात न्हावा शेव्याला क्रेनवर काढली होती. खालची माणसं मुंगीएवढी दिसायची, पण त्याला कधी चक्कर आली नव्हती. आता त्यानं खिडकीचा कठडा धरला. सगुणानं त्याच्या पाठीला हात लावला, तर सदरा ओला लागला.

"भावांना सांगून बघा," ती म्हणाली.

"सांगून? त्यांची घरं उभी ऱ्हायली. आता काय भिंतीतल्या विटा काढून देतील?"

मागच्या रांगेतलं कुणीतरी खाकरलं. सुचितानं तिकडे लक्ष दिलं नाही. ती पडद्यावर काहीतरी शोधत होती, बहुधा या दोघांना देण्यासारखं काहीतरी. सापडलं तसं ती वाचायला लागली आणि मध्येच थांबली.

"काय लिवलंय?" दिनानाथनं विचारलं.

"तसा उपयोग नाही, काका. जोडीदाराचं निधन झालं किंवा घटस्फोट झाला, तर दोघांचं उत्पन्न वेगळं धरतात. बायकोला वेगळं कार्ड मिळतं. सगळ्यात खालच्या गटातलं."

दिनानाथनं सगुणाच्या हातावरच्या पट्टीकडे पाहिलं.

"म्हंजे मी गेलो तर हिचा हप्ता किती?"

"काका, असं काय विचारता."

"तू आकडा सांग."

सुचितानं आकडा सांगितला. दोघांनी बाहेर चहाबरोबर वडा खाल्ला असता तर तेवढेच पैसे झाले असते. दिनानाथनं मान हलवली. एसटी कितीला सुटते ते विचारून घ्यावं, तशी. मग तो शांत झाला. कठड्यावरचा हात सुटला. नोटा त्यानं नीट घडी करून खिशात ठेवल्या.

सगुणा त्याच्या तोंडाकडे बघत होती. हा माणूस चिडला असता तर तिला चाललं असतं. रडला असता तरी चाललं असतं. पण त्याच्या चेहऱ्यावरची काळजीच गेली होती.

"अवो," ती म्हणाली. "काय इच्यार करताव?"

"काय न्हाय. चल, च्या घेऊ."

"माज्याकडं बघून सांगा."

त्यानं बघितलं नाही.

सगुणा वळली आणि काचेला तोंड लावून म्हणाली, "बाय, ते दुसरं काय म्हनलीस? घटस्फोट. त्याला पन वेगळं कार्ड मिळतं ना?"

"मिळतं, काकू, पण..."

"बास."

ती बाहेर पडली. डायलिसिस सुरू झाल्यापासून ती चार पावलं चालली की बसायची. आज ती कुठंच बसली नाही. कोर्ट कुठं आहे ते तिनं एका रिक्षावाल्याला विचारलं आणि त्याच्याच रिक्षात चढली. दिनानाथ मागोमाग येऊन शेजारी बसला.

"सगुणे, याड लागलं का तुला? ह्या वयात? गाव काय म्हनंल?"

"गाव मशीनवर निजतंय का माज्या जागी?" ती म्हणाली. मग पूर्ण रस्ताभर त्याचं मनगट तिनं घट्ट धरून ठेवलं.

कोर्टासमोरच्या गाळ्यात हर्षद वकील बसले होते. त्यांनी आधी दोघांना पाणी दिलं. सगुणानं घटस्फोट हवा म्हणून सांगितलं, तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं आणि दिनानाथकडे संशयानं पाहिलं.

"मारतात का, मावशी?"

"न्हाय."

"दारू वगैरे?"

"कदी न्हाय."

"दुसरी कुणी बाई?"

सगुणानं नकारार्थी डोकं हलवलं. तिला धाप लागली होती. दिनानाथ खाली मान घालून बसला होता आणि त्याचं मनगट अजून तिच्या मुठीत होतं.

"मग कारण काय लिहू?"

"मला टाकून जायला निघालेत," सगुणा म्हणाली. "तेच लिवा."