सकाळच्या स्थितीला

भूजल कार्यालयात चुकून पुसलेला अहवाल परत आणायला मधुसूदन सरांनी स्वतःच बटण दाबलं आणि चहा घेऊन परतलेली आबेदा दारातच थबकली. “सर, जुना सर्व्हर स्नॅपशॉटमधून, म्हणजे सकाळी घेतलेल्या प्रतीतून, एकेक फाईल काढून द्यायचा. हा नवा फायली ओळखतच नाही. अख्खी डिस्क सकाळच्या स्थितीला नेतो!” “मग थांबवा की.” “मधेच थांबवलं तर सकाळचंही हाती लागणार नाही.” पडद्यावरची पट्टी सरकत राहिली. नव्या बोअरच्या मंजुरीसाठी गंगापूरकडच्या गावानं आपली एकमेव विहीर आज चाचणीला उपसू दिली होती. विहिरीवरच्या यंत्रानं दिवसभर पाठवलेली मोजमापं फक्त याच डिस्कवर होती. तेवढ्यात तिथल्या सरपंचबाईंचा फोन आला. “ताई, विहीर तळाला गेली. पुन्हा उपसायला थेंब नाय. पण तुमचं काम झालं ना?” आबेदानं फोन तळहातानं झाकून सरांकडं पाहिलं. मान खाली घालून ते पुटपुटले, “हो म्हणा.”