खंडेनवमीचं कुंकू

मिशिगनमधल्या आमच्या शेजारणीने, रूथने, शेत विकलं तेव्हा गवताच्या गासड्या माळ्यावर चढवणारा तिचा जुना एलिव्हेटर आम्हाला दिला. आडव्या पट्ट्यांमुळे मला ती लोखंडी शिडीच वाटली. "शिडीला साखळी असते का?" म्हणून रूथ हसली होती. त्याची मोटर केव्हाच काढून टाकली होती आणि पट्ट्या ओढणारी साखळी गंजून घट्ट बसली होती. माझ्या सुनेने, उर्वीने, तो अंगणात उभा करून त्यावर कारल्याचा वेल चढवला.

खंडेनवमीला आम्ही सुऱ्या, गाडी, लॅपटॉप, सगळं पुजतो. "आई, कारल्याच्या मांडवाला विसरलात," उर्वी म्हणाली. मी हौसेने सर्वांत खालच्या पट्टीला ओलं कुंकू लावलं.

दुपारी रूथ चहाला आली. तो लाल डाग बघून तिचा चेहरा उतरला.

"माझा वॉल्टर याच साखळीत हात अडकून गेला," ती म्हणाली.

इतकी वर्षं शेजारी राहून तिचा नवरा कशाने गेला हे मी कधी विचारलं नव्हतं. शरमेने मी पदरानेच कुंकू पुसलं.

मान वर केली तर वरच्या पट्टीवर तसाच डाग होता. तिथे मी बोटही लावलं नव्हतं. तो पुसला, तर आणखी वरच्या पट्टीवर होता.

"राहू दे," रूथ म्हणाली. ती माझ्याकडे बघत नव्हती. वेलाच्या शेंड्याकडे बघत, जेवायला हाक मारावी तशी, ती हळूच म्हणाली, "वॉल्टर, हात काढ."

गंजलेली साखळी एक पट्टी खाली सरकली.