आखाजीचा रस

काल दुपारच्या वादळात धुळ्याची वीज गेली, ती अजून आली नव्हती. वकिलांच्या घरी स्वयंपाक करणारी तानुबाई सकाळी येताच थेट फ्रिजकडे गेली. ती त्याला बर्फाचं कपाट म्हणे. आत तिच्या आमरसाचं पातेलं होतं.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन तीन दिवस झाले होते. गल्लीतल्या लेकी माहेरी येऊन झोके खेळून परतल्याही. तानुबाईची पुष्पा मात्र सासऱ्याच्या दुखण्यापायी यावललाच अडकली. आज ती एका दिवसापुरती येणार होती. पुष्पाने लहानपणी घरच्या अंगणात कोय पुरली होती, ते झाड यंदा पहिल्यांदा फळलं. अकरा आंबे. अकराही रसात गेले होते.

वीज गेली तेव्हाच वकिलीण सुनंदाबाईंनी बजावलं होतं, दार उघडू नकोस, आतला गारवा टिकेल. तानुबाईने मान डोलावली होती. पण तिचा जीव थाऱ्यावर कुठला? बाईंची पाठ वळली की दार उघडून ती पातेल्याला हात लावून बघे. गार लागलं की तिला बरं वाटे.

आज रसावर फेस होता. बोट बुडवून चाखलं तर जीभ चुरचुरली. साखर घालून उकळावा, असं क्षणभर तिच्या मनात आलं. मग उन्हातून येणारी लेक आठवली आणि तिने पातेलं मोरीत पालथं केलं. दोन्ही हातांनी ते विसळताना तिला रडू आवरलं नाही.

दुपारी पुष्पा वकिलांच्या घरीच आली. ताटात पुरणपोळी होती, शेजारी वाटी रिकामी. तानुबाई खाली बघत म्हणाली, "बठ्ठा रस खराब व्हई गया, बेटा. फेकी दिना."

"दहा वेळा उघडून बघितलंन हिने," सुनंदाबाई हसून म्हणाल्या. "दार बंद ठेवलं असतं, तर टिकला असता."

"दार बंद करीसन वाट कशी देखू, बाई?" तानुबाई म्हणाली.

पुष्पाने आईचा हात ओढून नाकाशी धरला. बोटांना अजून आंब्याचा वास होता.

"मनी बी आखाजी साजरी व्हई गयी, माय," ती म्हणाली. हात मात्र तिने सोडला नाही.